दूरध्वनी यंत्रणा शिकताना : आयती घ्यावी की कोऱ्यापासून बांधावी?

मुक्त स्रोत दूरध्वनी यंत्रणांविषयी सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. लांबलेली पत्रे आशय कायम ठेवून थोडी आटोपशीर केली आहेत. ॲस्टेरिस्क हे साध्या संगणकाला टेलिफोन एक्स्चेंज बनवणारे मुक्त सॉफ्टवेअर, तर फ्रीपीबीएक्स ही त्याच ॲस्टेरिस्कवर उभी असलेली, वेब पानांतून चालवायची आयती यंत्रणा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखेत शिकतो. प्रकल्पासाठी ॲस्टेरिस्कवर चालणारी दूरध्वनी यंत्रणा उभारायची आहे. आमचे सर म्हणतात, फ्रीपीबीएक्स घ्या, दुपारपर्यंत फोन वाजू लागेल. पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करणारा माझा मित्र म्हणतो, सोर्स कोड उतरवून स्वतः कंपाइल केल्याशिवाय यातले काही कळत नाही. लिनक्सची ओळख जेमतेम आहे आणि हाताशी चार जीबी रॅमचा जुना संगणक आहे. कोणाचे ऐकावे?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : सरांनी फोन लवकर कसा वाजेल ते सांगितले आहे आणि मित्राने यंत्रणा मुळातून कशी कळेल ते सांगितले आहे, त्यामुळे दोघांचे म्हणणे एकमेकांच्या विरोधात नाही. मात्र मित्राच्या सांगण्यात दोन निराळ्या कामांची गल्लत झालेली दिसते. सोर्स कोड कंपाइल करणे, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बांधणे, हे एक काम आहे, तर कोऱ्या फायलींत स्वतः ओळी लिहून एका फोनवरून दुसरा फोन वाजवणे हे दुसरे. पहिल्या कामात तुम्ही मुख्यतः लिनक्स शिकता : कोणती लायब्ररी कमी पडली, कोणते मॉड्यूल निवडायचे, बांधणी कुठे अडली. ते ज्ञान वाया जात नाही, पण बांधणी पूर्ण झाल्यावरही कॉल म्हणजे काय हे तुम्हाला कालच्याइतकेच ठाऊक असते. दूरध्वनीचे शिक्षण दुसऱ्या कामात आहे, आणि त्यासाठी कंपाइल करणे अनिवार्य नाही.

म्हणून मी तिसरा मार्ग सुचवतो. उबुंटू २४.०४ या लिनक्सच्या भांडारात ॲस्टेरिस्कची २० वी मालिका तयार पॅकेज म्हणून मिळते. ती एका आज्ञेत बसवा. (डेबियन १२ च्या भांडारात ॲस्टेरिस्क नाही, तिथे कंपाइल करावे लागेल.) चार जीबी रॅम या कामाला भरपूर आहे. पॅकेजबरोबर नमुना फायलींचा ढीग येतो आणि नवखा माणूस त्याच वाचत बसतो. तसे करू नका. ‘पीजेसिप’ आणि ‘एक्स्टेन्शन्स’ या दोन फायलींची प्रत बाजूला ठेवून मूळ जागी त्याच नावाच्या रिकाम्या फायली करा आणि बाकीच्यांना हात लावू नका. पहिल्या फायलीत फोन कोणते आहेत ते लिहायचे असते, तर कोणता क्रमांक फिरवल्यावर काय घडावे, म्हणजेच डायलप्लॅन, दुसऱ्या फायलीत लिहायचा असतो.

सुरुवात एकाच फोनपासून करा. मोबाइलवर लिनफोन किंवा विंडोजवर मायक्रोसिप घ्या आणि १०१ क्रमांकाचा फोन नोंदवा. पीजेसिपमध्ये त्यासाठी चार तुकडे लागतात : सर्व्हरने कोणत्या पोर्टवर ऐकायचे तो ट्रान्सपोर्ट, फोनचे गुणधर्म सांगणारा एंडपॉइंट, पासवर्डचा ऑथ आणि फोन सध्या कुठे आहे याची नोंद ठेवणारा एओआर. इथेच बहुतेकांची पहिली अडखळण होते. एओआरमधील ‘मॅक्स कॉन्टॅक्ट्स’ या नोंदीची मूळ किंमत शून्य असते. ती निदान एक केली नाही, तर पासवर्ड अचूक असूनही सर्व्हर ४०३ असे उत्तर देऊन नोंदणी नाकारतो. आयत्या यंत्रणेत ही किंमत तुमच्या वतीने भरली जाते, त्यामुळे नोंदणीत ‘हा फोन कोण आहे’ आणि ‘तो कुठे आहे’ असे दोन वेगळे प्रश्न असतात हे तिथे कधी दिसतच नाही.

यानंतर ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर पीजेसिपचा लॉगर चालू करून फोन पुन्हा नोंदवा आणि जे दिसेल ते ओळीने वाचा. फोनच्या पहिल्या विनंतीला सर्व्हर ४०१, म्हणजे ‘अनधिकृत’, असे उत्तर देतो. ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. सर्व्हर ओळख पटवून मागतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. फोन पासवर्डवरून तयार केलेले उत्तर घेऊन पुन्हा येतो आणि मग २००, म्हणजे ‘ठीक’, मिळतो. कॉलचेही असेच आहे : इन्व्हाइट, म्हणजे कॉलचे बोलावणे, जाते, १०० येतो, समोर घंटा वाजू लागली की १८०, उचलला की २००, त्यावर पोच म्हणून ॲक, आणि शेवटी कोणी ठेवला की बाय. सिपचा, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांच्या नियमावलीचा, हा सगळा व्यवहार जून २००२ मध्ये आलेल्या आरएफसी ३२६१ या मानकात लिहिलेला आहे आणि तो साध्या वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात चालतो. एवढे मोठे दूरसंचार तंत्र इतक्या उघडपणे वाचायला मिळावे, ही तुमच्या पिढीच्या वाट्याला आलेली चैनच आहे.

डायलप्लॅनमध्ये पहिला क्रमांक ‘एको’चा ठेवा, म्हणजे तो फिरवल्यावर तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येईल. तो स्पष्ट ऐकू आला की फोन, पासवर्ड, कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) आणि ध्वनीची दुतर्फा वाट या चारही गोष्टी ठीक आहेत असे समजावे. मग १०२ नोंदवा. २० सेकंद वाजूनही उचलला नाही तर निरोप ऐकवा. आणि त्यानंतर दोन कॉन्टेक्स्ट, म्हणजे डायलप्लॅनचे दोन वेगळे कप्पे, करून पाहा. एका कॉन्टेक्स्टमधल्या फोनला फक्त आतले क्रमांक लागावेत आणि दुसऱ्यातल्या फोनला बाहेरची लाइनही मिळावी, हे कॉन्टेक्स्टवर ठरते. यंत्रणेच्या सुरक्षिततेचा पाया तिथेच आहे.

इतके झाल्यावर मगच फ्रीपीबीएक्सकडे वळा आणि सरांचा सल्ला अवश्य पाळा. त्याची १७ वी आवृत्ती डेबियन १२ वर एका स्क्रिप्टने बसते आणि तीच स्क्रिप्ट ॲस्टेरिस्क, वेब सर्व्हर, पीएचपी, मारियाडीबी असा सारा लवाजमा सोबत आणते. वेब पानावर एक्स्टेन्शनचा अर्ज भरून ‘अप्लाय कॉन्फिग’ दाबले की माहिती डेटाबेसमधून उचलून कॉन्फिगरेशनच्या फायली नव्याने लिहिल्या जातात. त्या उघडून पाहा. तुम्ही हाताने केलेल्या १०१ ते १०२ या कॉलला दोन ओळी पुरल्या होत्या. इथे तोच कॉल कॉल फॉरवर्ड, डू नॉट डिस्टर्ब, रेकॉर्डिंग, व्हॉइसमेल अशा अनेक तपासण्यांतून वळसे घेत जातो आणि कन्सोलवर ओळींचा लोंढा वाहतो. आधी दोन ओळींचा कॉल पाहिलेल्या माणसाला त्या लोंढ्यात मूळ धागा सापडतो. ज्याने सुरुवातच इथून केली, तो ‘मला फ्रीपीबीएक्स येते’ म्हणतो, पण त्याला येतात ती वेब पानांवरची बटणे. कॉल अडला की तो एकेक बटण बदलून पाहत बसतो.

एक सूचना वेगळी करावीशी वाटते. इंटरनेटवरचे कितीतरी धडे ‘सिप डॉट कॉन्फ’ नावाच्या फाइलपासून सुरू होतात. ती फाइल चॅन-सिप या जुन्या मॉड्यूलची आहे आणि २०२३ च्या २१ व्या आवृत्तीपासून ते मॉड्यूल ॲस्टेरिस्कमधून काढून टाकले आहे. तसा धडा दिसला की पुढे वाचू नका.

मित्राला वाईट वाटू नये म्हणून हेही सांगतो की कंपाइल एकदा जरूर करा, पण प्रकल्पाच्या शेवटी. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या छोट्या कंपनीला विकतची दूरध्वनी यंत्रणा परवडत नव्हती म्हणून हे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि जीपीएल परवान्याखाली खुले केले. तो कोड चाळून पाहण्याची मोकळीक आहे, तर ती वापरावी. मेनूसिलेक्टच्या, म्हणजे कंपाइल करण्याआधी मॉड्यूल निवडायच्या, यादीत कोणती मॉड्यूल्स घेतली आणि कोणती वगळली याची कारणे तुम्ही परीक्षकांना सांगू शकलात, तर त्यांचे पुढचे प्रश्न बरेच सोपे होतील.

प्रश्न : एका रुग्णालयातील संगणक विभाग मी सांभाळतो. आमचे ४० एक्स्टेन्शनचे ईपीएबीएक्स, म्हणजे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, जुने झाले असून त्याची कार्डे आता मिळत नाहीत. मी स्वतः ॲस्टेरिस्क शिकलो आहे आणि डायलप्लॅन हाताने लिहू शकतो. रुग्णालयात हाताने लिहिलेली यंत्रणाच बसवावी अशी माझी इच्छा आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : आपली तयारी पुरेशी आहे यात शंका नाही, तरीही इथे मी आयती यंत्रणाच बसवण्याचा सल्ला देईन. आधीच्या पत्रातल्या विद्यार्थ्याला मी नेमके उलट सांगितले, कारण त्याला शिकायचे आहे आणि आपल्याला चालवायचे आहे. आपण गावी गेला असताना अतिदक्षता विभागात नवा फोन जोडायचा झाला, तर मागे राहिलेल्या सहकाऱ्याला वेब पान उघडून तो जोडता आला पाहिजे. आपल्या हातच्या फायली कितीही नेटक्या असल्या तरी त्या वाचू शकणारा दुसरा माणूस रुग्णालयात नसतो, आणि नवा माणूस नेमताना प्रशासन डायलप्लॅनची परीक्षा घेत नाही. आपल्या ज्ञानाचा उपयोग बिघाड शोधताना होईल, आणि आयत्या यंत्रणेत न बसणारी एखादी खास गरज ‘एक्स्टेन्शन्स कस्टम’ या फाइलमध्ये लिहिता येईल. ‘ॲडिशनल’ असे नाव असलेल्या फायलींत मात्र कधीही हात घालू नये. पुढच्या ‘अप्लाय कॉन्फिग’ला ते लिखाण पुसले जाते.

खरी काळजी सॉफ्टवेअरपेक्षा विजेची आहे. साध्या फोनला लागणारी वीज तारेतूनच, ईपीएबीएक्सकडून मिळते. त्यामुळे एक बॅटरी संच जागेवर असला की संपूर्ण इमारतीतले फोन चालू राहतात. आयपी फोनला, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या फोनला, मात्र अडॅप्टर किंवा पीओई (नेटवर्कच्या तारेतूनच वीज देणारा) स्विच लागतो. मजल्यावरचा स्विच यूपीएसवर नसेल, तर एप्रिल-मेमध्ये वीज गेल्याबरोबर त्या मजल्यावरचे सगळे फोन एकदम मुके होतील. रुग्णालयात हे परवडणारे नाही. तेव्हा एकतर प्रत्येक मजल्यावरच्या स्विचला यूपीएस द्यावा, नाहीतर जुने फोन आणि जुन्या तारा तशाच ठेवून सर्व्हरशेजारी एफएक्सएस गेटवे बसवावा. २४ आणि ३२ पोर्टचे गेटवे बाजारात मिळतात आणि त्यांच्या एका टोकाला जुनी तांब्याची जोडी तर दुसऱ्या टोकाला नेटवर्क जोडता येते. मी असतो तर वॉर्डांत गेटवेवरचे जुने फोन ठेवले असते आणि आयपी फोन स्वागतकक्ष, औषध दुकान व कार्यालय एवढ्यांनाच दिले असते.

नेटवर्कचा भार ही चिंता करण्याजोगी बाब नाही. जी.७११ कोडेकला ध्वनीसाठी सेकंदाला ६४ किलोबिट लागतात आणि पॅकेटांचे वेष्टन धरून हा आकडा एका दिशेला सुमारे ८७ वर जातो. ४० फोन एकाच वेळी बोलू लागले तरी आजच्या स्विचला त्याचे काही वाटणार नाही. कोडेक म्हणून जी.७११ चा ए-लॉ हाच प्रकार निवडावा, कारण आपल्याकडील दूरध्वनी जाळे त्यावरच चालते.

बाहेरच्या लाइनसाठी परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच पीआरआय (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) किंवा सिप ट्रंक (नेटवर्कवरून येणारी बाहेरची लाइन) घ्यावी. पीआरआयच्या एका जोडणीवर एका वेळी ३० कॉल होतात आणि आपल्याला तेवढे पुरावेत. स्वस्तात पडते म्हणून अनेक सिम कार्डे कोंबलेली पेटी लावून देणारे लोक फिरत असतात. परदेशातून आलेले कॉल अशा पेटीतून स्थानिक म्हणून उतरवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे त्यांना दारातूनच परत पाठवावे.

यंत्रणेचे प्रशासकीय पान इंटरनेटवर कदापि उघडे ठेवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रीपीबीएक्सच्या एका व्यावसायिक मॉड्यूलमधली त्रुटी हेरून अशाच उघड्या पानांवाटे हल्ले झाले होते. घरून काम करायचे असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी सुरक्षित वाटेने, करावे.

प्रश्न : माझ्याकडे एका परिचितांनी दिलेली इलॅस्टिक्सची जुनी डीव्हीडी आहे. त्यावर शिकावे का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : शिकू नये. इलॅस्टिक्स ही एके काळी लोकप्रिय असलेली, ॲस्टेरिस्कवर उभी असलेली आयती यंत्रणा होती. २०१६ मध्ये ते नाव ३सीएक्स कंपनीकडे गेले आणि नवी आवृत्ती ॲस्टेरिस्क सोडून त्यांच्याच सॉफ्टवेअरवर आली. जुन्या इलॅस्टिक्सची शाखा पुढे इसाबेल या नावाने चालू राहिली. त्याआधीच्या ट्रिक्सबॉक्सचेही काम असेच थांबले. आयत्या यंत्रणेवर विसंबताना ती बांधणाऱ्यांच्या व्यवहारावरही आपण विसंबत असतो, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. ॲस्टेरिस्क मात्र या सगळ्या उलथापालथीत चालूच राहिले. ते बनवणारी डिजियम कंपनी २०१८ मध्ये सँगोमाने विकत घेतल्यावरही त्यात खंड पडला नाही.

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडवर ॲस्टेरिस्क बसवले. घरातल्या घरात सर्व फोन नीट चालतात, पण पुण्याहून भाऊ त्याच्या मोबाइलवरील ॲपमधून जोडला गेला की घंटा वाजते, कॉल लागतो, माझे बोलणे मात्र त्याला ऐकू येत नाही. राउटरमध्ये सिपचे ५०६० पोर्ट आणि आवाजाची पोर्ट्स दोन्ही उघडली आहेत. कुठे चुकत असेल?
— एक वाचक, विजापूर रस्ता

उत्तर : कॉल लागतो याचा अर्थ सिपचे निरोप जाऊन-येऊन आहेत, अडला आहे तो आवाज, आणि आवाज वेगळ्या वाटेने जातो. कॉल जुळताना दोन्ही बाजू एकमेकींना ‘माझा आवाज या पत्त्यावर पाठवा’ असे लिहून कळवतात. आपला सर्व्हर राउटरच्या मागे असल्याने त्याला स्वतःचा १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ताच ठाऊक असतो आणि तो तोच लिहितो, तर भावाचा फोनही स्वतःच्या जाळ्यातला खासगी पत्ता लिहितो. आपला सर्व्हर त्या खासगी पत्त्यावर आवाज पाठवत राहतो आणि तो वाटेतच हरवतो. लॉगर चालू करून ‘सी’ने सुरू होणारी ओळ पाहा, दोन्ही पत्ते तिथे लिहिलेले सापडतील.

उपाय दोन्हीकडून करावा लागतो. ट्रान्सपोर्टमध्ये ‘लोकल नेट’ला घरचे जाळे आणि ‘एक्स्टर्नल मीडिया ॲड्रेस’ व ‘एक्स्टर्नल सिग्नलिंग ॲड्रेस’ या दोन्हींना बाहेरचा पत्ता द्या. भावाच्या एंडपॉइंटमध्ये ‘आरटीपी सिमेट्रिक’, ‘फोर्स आरपोर्ट’ आणि ‘रीराइट कॉन्टॅक्ट’ चालू ठेवून ‘डायरेक्ट मीडिया’ बंद करा. आरटीपी सिमेट्रिकमुळे सर्व्हर लिहिलेल्या पत्त्याचा हट्ट सोडतो आणि आवाज ज्या पत्त्यावरून येताना दिसतो तिकडेच उलट पाठवतो.

मात्र राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर कंपनीने आपल्याला सामाईक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. मग पोर्ट उघडण्याचा काही उपयोग होत नाही. तुमच्याकडे नोंदणी पोहोचते आहे, त्यावरून तशी स्थिती दिसत नाही. तरीही उघडे ५०६० पोर्ट आहे तसे ठेवू नका. असे पोर्ट हुडकणारी स्वयंचलित यंत्रे सतत फिरत असतात, आणि १०१ क्रमांकाला १०१ हाच पासवर्ड असलेला फोन त्यांना सापडला की त्यावरून परदेशी कॉल लावले जातात व बिल ट्रंक ज्याच्या नावावर असेल त्याला येते. घर आणि भावाचा मोबाइल यांच्यामध्ये वायरगार्डसारखे व्हीपीएन घातले, तर वरची पत्त्यांची सगळी कसरतही टळेल.

प्रश्न : आमचे चादरी आणि टॉवेलचे घाऊक दुकान आहे. मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांतले ग्राहक फोन करतात. फ्रीपीबीएक्सवर ‘मराठीसाठी १ दाबा’ अशी सोय केली आहे आणि स्वागताचे निरोप आम्हीच ध्वनिमुद्रित केले. परंतु रांगेतला क्रमांक सांगताना यंत्र एकवीसऐवजी ‘वीस एक’ असे म्हणते. आवाज आमचाच असून असे का होते?
— एक व्यापारी, अक्कलकोट रस्ता

उत्तर : कारण आवाज आपला असला तरी आकडे जुळवण्याची रीत इंग्रजीची आहे. ॲस्टेरिस्क इंग्रजीत २१ म्हणताना ‘२०’ आणि ‘१’ अशा दोन ध्वनिफिती पाठोपाठ वाजवते. ज्या भाषेची रीत त्याला शिकवलेली नाही, त्या भाषेतही ते हाच क्रम चालवते आणि फक्त फिती त्या भाषेच्या फोल्डरमधून उचलते. एकोणपन्नासचे ते ‘चाळीस नऊ’ करील. शिवाय एखादी फीत आपल्या फोल्डरमध्ये नसेल, तर ती इंग्रजी फोल्डरमधून घेतली जाते. त्यामुळे मराठी वाक्यात मध्येच इंग्रजी शब्द ऐकू येतो.

हे काम बटणांनी होणारे नाही, डायलप्लॅन लिहावाच लागेल. मराठीत एक ते नव्याण्णव या प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द असल्याने तेवढ्या फिती वेगळ्या मुद्रित कराव्यात आणि प्रत्येक फितीचे नाव तो आकडाच ठेवावे, म्हणजे क्रमांक हातात आला की त्याच नावाची फीत वाजवणारी एक ओळ पुरते. शंभराच्या पुढे जायचे असेल तर ‘शंभर’ वेगळा आणि ‘एकशे’, ‘दोनशे’ ते ‘नऊशे’ वेगळे लागतील. दुकानाच्या रांगेत एवढे लोक थांबणार नाहीत हे खरे. पण गठ्ठ्यांची संख्या किंवा रक्कम सांगायची वेळ येईल तेव्हा ते उपयोगी पडतील. तेलुगूत वीस आणि एक जोडून एकवीस होतो, त्यामुळे तिथे इंग्रजीची रीत बऱ्यापैकी चालून जाते. कन्नडमध्ये दोन शब्दांचा संधी होतो. तुटक फिती कन्नड कानाला खटकतील, म्हणून मराठीप्रमाणेच सगळे आकडे मुद्रित केलेले बरे.

फ्रीपीबीएक्सच्या रांगेतली क्रमांक सांगण्याची सोय बंद करून हे स्वतःचे लिखाण कस्टम फाइलमध्ये, ग्राहक रांगेत शिरण्यापूर्वीच्या टप्प्यावर ठेवावे. त्यामुळे क्रमांक एकदाच, आत जाताना सांगितला जाईल. मुद्रण मागावर न करता, म्हणजे कारखान्याच्या खडखडाटापासून दूर, बंद खोलीत एकाच माणसाच्या आवाजात एका बैठकीत करावे. फिती ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह स्वरूपात बदलून घ्याव्यात. सॉक्स या मोफत साधनाने सगळ्या फिती एकदम बदलता येतात. मोबाइलवर केलेले मुद्रण न बदलता चढवले तर बहुधा फीत वाजतच नाही आणि दोष डायलप्लॅनमध्ये शोधण्यात दुपार जाते.